थोरलं, घरचं आणि तिथलं

बाइंडरबाईंचे दीर जन्मात कधी देशाबाहेर गेले नव्हते, त्यामुळे परदेशात कसं वागायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"वहिनी, एक गोष्ट गाठीला बांधा," ते म्हणाले. "बाहेर जायचं तर थोरलं चलन न्यायचं. तिथलं न्यायचं नाही, आणि आपलं तर नाहीच नाही."

थोरलं म्हणजे त्या बड्या देशाचं. काउंटरवर टाकलं की समोरचा माणूस उभा राहतो म्हणे. महिनाभराच्या वादावादीत घरात तिन्ही चलनांची बारशी होऊन गेली होती. आपलं ते घरचं, जिथून मशीन आणायचं त्या देशाचं ते तिथलं, आणि दीरांच्या लाडाचं ते थोरलं. बाईंचं म्हणणं साधं होतं. मशीनची किंमत तिथल्या पैशात सांगितलीय, तर तिथलेच पैसे न्यावेत. मध्ये थोरल्याला कशाला घ्यायचं? दोनदा बदलणार, दोनदा कात्री लागणार. पण दीरांपुढे हे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दुकानाच्या खात्यावर सही त्यांची होती. त्यांनी थोरलं आणलं.

दुकान म्हणजे पुस्तकबांधणीचं. पुढे काउंटर, मागे लांबलचक टेबल, टेबलावर खळीचं पातेलं, भिंतीशी लोखंडी शिकंजा आणि कोपऱ्यात कटिंग मशीन. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्या अकरा वर्षांत या दुकानातून जे जे पुस्तक बाहेर पडलं त्याची पाठ बाईंच्या हाताखालून गेली होती. दीर संध्याकाळी यायचे, स्टुलावर बसायचे आणि सल्ला द्यायचे. गाळा त्यांच्या नावावर होता. खातं त्यांच्या नावावर होतं. बाईंच्या नावावर दुकानातलं काही म्हणता काही नव्हतं, अगदी केरसुणीसुद्धा दुकानाच्या खर्चात आलेली.

आणि आता काम चालून आलं होतं. एका मोठ्या ग्रंथालयाला नऊ हजार जुनी पुस्तकं उसवून पुन्हा शिवून घ्यायची होती. तीन वर्षांचं काम. हाताने शिवायचं तर बाई आणि त्यांच्या हाताखालच्या दोन बायका दिवसाला सहा पुस्तकं शिवणार, म्हणजे नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरलं असतं. शिवायचं मशीन हवं होतं. नवं घेण्याची ऐपत नव्हती. दोरा पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने खबर आणली की अमुक देशात एक म्हातारा बाइंडर धंदा आवरतोय, त्याचं मशीन तिथल्या अठरा हजारांना मिळेल, पण स्वतः जाऊन, बघून, पैसे मोजून घ्यायचं. बुधवारपर्यंत कुणी आलं नाही तर सगळं भंगारात.

"आणलंत तर दुकान चालू," दीर म्हणाले होते. "नाही आणलंत तर मात्र मी गाळा भाड्याने देणार, वहिनी. मोबाईलवाला तीनदा विचारून गेला. मी तरी किती दिवस थांबू?"

ते वाईट नव्हते हो. फक्त, आपण थांबलोय म्हणून दुकान चाललंय असं त्यांना मनापासून वाटत होतं.

तर, थोरल्या नोटा आल्या. बाईंनी पुडकं उघडलं आणि त्यांचा चेहराच पडला. इतकं नाव ऐकलेलं चलन, आणि नोटा कशा? मऊ पडलेल्या, कानाकोपरे दुमडलेले, एका बाजूच्या कडांना दशा सुटलेल्या. नाव मोठं आणि लक्षण खोटं. दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. बाईंनी नोटा सारख्या करून शिकंज्यात दाबल्या. तासाभराने काढल्या तर छान सपाट झालेल्या, पण त्या दशा काही डोळ्यांना बघवेनात. बाइंडरच्या हाताला सवय वाईट. दाबलेला गठ्ठा हातात आला की पुढचं काम आपोआप होतं. बाईंनी गठ्ठा कटिंग मशीनखाली ठेवला, पट्टी लावली आणि दशांची बाजू फक्त अर्धा सूत उडवली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्याही निम्मं. कागदाची एक बारीक शेव खाली पडली. गठ्ठा असा देखणा झाला की त्यांनी तो दोनदा अंगठ्याने फर्रकन फिरवून बघितला.

सोबतीला नणंद निघाली होती. तिने आपल्या पर्समधल्या चार थोरल्या नोटा छातीशी धरल्या.

"माझ्या नोटांना हात लावायचा नाही, वहिनी! आहेत तशा राहू देत माझ्या गबाळ्या."

"वन्सं, अहो नीट करून देते की."

"नको. मला गबाळ्याच आवडतात."

हा शहाणपणा नव्हता, नुसता हट्ट होता. पण पुढे दोन दिवस दोघी जेवल्या त्या या हट्टावर.

*

त्या देशातलं नोटा बदलून देणारं दुकान म्हणजे काचेमागची एक खोली आणि काचेला हात जाईल एवढी खाच. आतल्या माणसाने आधी वन्संच्या चार नोटा मशीनमध्ये टाकल्या. मशीन गुरगुरलं आणि गप्प झालं. त्याने तिथले पैसे मोजून दिले. मग त्याने बाईंचा गठ्ठा टाकला. मशीनने पहिली नोट थुंकली. दुसरी थुंकली. मग सगळा गठ्ठाच थुंकून टाकला आणि वर लाल दिवा लावून ओरडत बसलं.

माणसाने एक नोट उचलली, वन्संच्या नोटेवर ठेवली आणि दोन्ही काचेला लावून दाखवल्या. वन्संची नोट एका बाजूने अर्धा सूत बाहेर डोकावत होती.

"कापलेल्या आहेत," तो म्हणाला. तोडक्यामोडक्या इंग्रजीत एवढं बाईंना समजलं. पुढचं समजायला इंग्रजीची गरजच नव्हती, कारण त्याने गठ्ठा खाचेतून परत सरकवला.

बाईंच्या पायाखालची वाळू सरकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पलीकडे बँक होती. तिथल्या साहेबाने तर चक्क पट्टी काढून मोजलं. नोटा खऱ्या आहेत, तो म्हणाला, पण कमी रुंदीच्या आहेत. आम्ही घेणार नाही, इथे कुणीच घेणार नाही. तुमच्या घरच्या बँकेतून त्या मोठ्या देशाला तपासायला पाठवा. पैसे पूर्ण मिळतील बहुतेक.

"किती दिवसांत?"

"सहा आठवडे. कदाचित आठ."

वन्सं बँकेच्या पायरीवर बसल्या. "दादा आपल्याला घरात घ्यायचा नाही. गाळा गेला समजा, वहिनी. मोबाईलवाल्याची पाटी लागली समजा."

"उठा," बाई म्हणाल्या. "मशीन तरी बघून येऊ."

*

म्हाताऱ्याचं दुकान दोन लोखंडी जिने उतरून तळघरात होतं. आत पाऊल टाकलं आणि बाईंना खळीचा वास आला. तोच, आंबूस, ओल्या पिठाचा. त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणीच आलं. परक्या देशात कालपासून पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं भेटलं होतं. म्हातारा हात पुसत पुढे आला. त्याची लेक, पंचेचाळिशीची, चष्मा कपाळावर चढवलेली, गल्ल्यामागे उभी होती. तिच्या मोबाईलमध्ये बोललेलं दुसऱ्या भाषेत करून सांगण्याची सोय होती. तिच्यावरच सगळं संभाषण चाललं.

मशीन टेबलाएवढं होतं, हिरव्या रंगाचं, पण आता रंग फक्त सांध्यांत उरलेला. म्हाताऱ्याने एक फर्मा, म्हणजे छापलेल्या पानांची घडी, घोड्यावर खोगीर टाकावं तसा मधल्या पट्टीवर टाकला आणि पायाने खालचा पायटा दाबला. सुया खाली गेल्या, दोरा ओढला, वर आल्या. दुसरी घडी. तिसरी. दोन मिनिटांत पुस्तक शिवून हातात. बाईंनी पुस्तक पालथं करून पाठीवर अंगठा फिरवला, टाके मोजले, दोरा ओढून बघितला. नाही सुटला. याला म्हणतात काम! त्यांना ते मशीन फार हवंसं झालं.

मग त्यांनी खरं ते सांगितलं. मोबाईलसमोर हळूहळू, एकेक वाक्य. आणि पुरावा म्हणून नोटांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

मोबाईलने त्याच्या भाषेत काय सांगितलं कोण जाणे. म्हाताऱ्याने गठ्ठा उचलला, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, उजेडात धरून एक डोळा मिटून बघितलं. मग तो हसायला लागला. आधी खांदे हलले, मग पोट हललं, मग तो खुर्चीत बसून हसला. लेक घाबरून पाणी घेऊन आली.

"बाबा म्हणतात," मोबाईल बोलला, "कड फार सरळ आहे. धार चांगली ठेवता तुम्ही."

"त्यांना म्हणावं, दर सोमवारी लावते धार," बाई म्हणाल्या आणि स्वतःही हसल्या, रडता रडता.

"बाबांनी एकदा माझ्या लग्नाचा दाखला कापला होता. कडा वाकड्या होत्या म्हणून."

नोटा मात्र म्हाताऱ्यालाही घेता येणार नव्हत्या. त्याचीही बँक तीच. पण भंगारवाल्याला त्याने तिथल्या तिथे फोन लावला. उद्या सकाळी नको, दुपारी तीनला ये. तीनच्या पुढे मात्र नाही, कारण तळघर संध्याकाळी रिकामं करून द्यायचं होतं.

*

खोलीवर परतल्यावर बाईंनी दीरांना फोन केला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

पलीकडे स्टूल खरखरलं. मग, "कापल्या? थोरल्या नोटा? वहिनी, तुम्ही नोटा कापल्या?"

"अर्धा सूत, भावोजी."

"अर्धा सूत की अर्धा फूट, काय फरक पडतो! मी आता एक पैसा घालणार नाही. आहेत तेवढे परत आणा. मी उद्या मोबाईलवाल्याला बोलावतो."

बाईंनी फोन ठेवला. वन्सं कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघवत नव्हतं. बाई पलंगाच्या काठावर टेकल्या आणि विचार करत राहिल्या. एक गोष्ट होती. दुकानाची नव्हे, त्यांची स्वतःची. घरी बसून रात्रंदिवस वह्या, पत्रिका, फोटोंचे अल्बम बांधून साठवलेली मुदत ठेव. म्हातारपणी कुणाच्या दारात उभं राहायला नको म्हणून. दीरांना ती ठाऊक होती, पण ती बायकांची चिल्लर आहे असं ते समजत, आणि बाईंनी तो समज कधी मोडला नव्हता.

घरच्या बँकेत ठेवींच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना त्यांनी फोन लावला. त्या बँकेची दप्तरं याच हातांनी बांधलेली.

"मोडायची? सगळी? नीट विचार केलात ना?"

"नीट करत बसले तर मशीन जाईल."

"दंड वजा जाता चार लाख तीस हजार होतील. सकाळपर्यंत खात्यात येतील. कार्ड परदेशात चालू करून देते, मर्यादाही वाढवते. तिथल्या एकाला आमचा भाव तेवीस चाळीस पडेल. आमची फी, कर, सगळं धरून."

बाईंनी पेन्सिलीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कोपऱ्यावर गुणाकार केला. अठरा हजार गुणिले तेवीस चाळीस. चार लाख एकवीस हजार दोनशे. म्हणजे आठ हजार आठशे शिल्लक राहत होते. वाहतुकीचे पैसे माल घरी पोचल्यावर द्यायचे होते. जमत होतं. जेमतेम, पण जमत होतं.

"मोडा," त्या म्हणाल्या.

त्या रात्री त्यांना झोप बरी लागली. वन्संनाच लागली नाही.

*

बुधवारी अडीच वाजता दोघी तळघरात होत्या. भंगारवाला पावणेतीनलाच आला. ट्रक वरच्या दारात उभा करून तो जिन्यावर सिगारेट ओढत बसला आणि मशीनकडे बघत राहिला, किती किलो भरेल याचा अंदाज घेत. बाईंनी त्याच्याकडे पाठ केली.

फोनवर दीर होते. त्यांना कुणी फोन केला नव्हता, त्यांनीच केला होता आणि आता ते ठेवायला तयार नव्हते. वन्संनी फोनचा आवाज मोठा करून तो गल्ल्यावर उभा करून ठेवला.

म्हाताऱ्याच्या लेकीने कार्ड घालायचं छोटं यंत्र पुढे केलं. अठरा हजार टाकले. बाईंनी कार्ड खुपसलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. वर घरच्या चलनाचं चिन्ह, खाली तिथल्या चलनाचं.

"यंत्र विचारतंय," मोबाईल बोलला, "तुमच्या पैशात द्यायचे की आमच्या?"

"काय विचारतंय?" दीर ओरडले. वन्संनी सांगितलं. "मग त्यात विचारायचं काय? आपलं घ्या, आपलं! किती गेले ते जागच्या जागी कळतं. घरचं ते घरचं."

कालपर्यंत हेच गृहस्थ थोरल्याची आरती करत होते. पण खरं सांगायचं तर बाईंचाही हात तिकडेच गेला. इतक्या परक्या अक्षरांत आपल्या चलनाचं ते ओळखीचं चिन्ह दिसलं की गावाकडचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. ते आपल्याला फसवणार नाही असंच वाटतं. बाईंनी वरचं बटण दाबलं.

यंत्राने विचार केला. चक्र फिरलं. मग एक आवाज आला, कालच्या नोटा मोजायच्या मशीनसारखाच नकटा. लाल दिवा.

"पैसे पुरेसे नाहीत," लेक हळू आवाजात म्हणाली.

वन्संनी कपाळावर हात मारला. भंगारवाला सिगारेट विझवून उभा राहिला. आणि फोनमधून दीर सुरू झाले. "सांगत होतो! सांगत होतो की नाही? ठेवही मोडून बसलात आणि मशीनही गेलं. आगीतून फुफाट्यात! आता मुकाट्याने परत या."

बाईंना घाम फुटला होता. कान गरम झाले होते. क्षणभर वाटलं, खरंच, आपल्याला यातलं काही कळत नाही. आयुष्यभर पुठ्ठे कापले, तेच करावं. पण हात मात्र डोक्यामागे गेला, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली.

"त्यात आकडा किती आला होता?" त्यांनी विचारलं. "तो कागद मिळेल?"

लेकीने यंत्रातून निघालेली पट्टी फाडून दिली. चार लाख सेहेचाळीस हजार चारशे.

कागद जवळ नव्हता. टेबलावर पुठ्ठ्याचा तुकडा होता. बाईंनी त्यावर भागाकार मांडला. बाइंडरला जाडी कळते. पुस्तक ठरल्यापेक्षा जाड झालं तर त्यात कुणीतरी जास्तीचा फर्मा घुसवलेला असतो, आणि तो शोधून काढेपर्यंत पुस्तकाला पुठ्ठा चढवायचा नसतो. बाई हाच नियम आयुष्यभर पाळत आल्या होत्या. अठरा हजाराने भागलं. चोवीस ऐंशी.

बँकेतल्या बाईंनी सांगितला होता तेवीस चाळीस.

"वहिनी, वेळ किती झाला बघा," वन्सं म्हणाल्या.

"थांबा हो जरा." बाईंनी वजाबाकी केली. तिथल्या दर एकामागे एक चाळीस जास्त. एकूण पंचवीस हजार दोनशे. शंभरामागे सहा.

त्यांनी मान वर केली. आता कान गरम नव्हते.

"यांना विचारा," त्या मोबाईलला म्हणाल्या, "हे पंचवीस हजार कुणाचे? तुमचे?"

लेकीने ऐकलं आणि दचकून दोन्ही हात हलवले. आमचे नाहीत. आम्हाला अठरा हजारच मिळणार. तुमच्या पैशात दाखवण्याचं काम यंत्रवाली कंपनी करते, भाव तीच लावते. लोकांना सोयीचं पडतं म्हणून.

"सोयीचं!" बाई म्हणाल्या. मग त्यांना एकदम सगळं स्वच्छ दिसलं. घरचं म्हणून पडद्यावर जे आलं होतं ते घरचं नव्हतंच. ते परकंच होतं, घरचे कपडे घालून आलेलं. बँकेचा भाव मिळायचा तो बँकेने बदलले तर. इथे बदलले की इथल्याचा भाव. आणि आपण, आपलं चिन्ह बघून विरघळलो!

"पुन्हा घाला," त्या म्हणाल्या. "अठरा हजार. तुमच्या पैशात."

"वहिनी!" फोन ओरडला. "तिथल्या पैशात? किती जातील ते कळणार तरी का? उद्या पाच लाख कापले तर?"

"चार लाख एकवीस हजार दोनशे कापतील, भावोजी."

"कशावरून?"

"मी केलाय गुणाकार."

जिन्यावर भंगारवाल्याने आपल्या माणसांना हाक मारली. दोघे जण दोर घेऊन खाली उतरू लागले. म्हातारा उठला आणि काही न बोलता मशीनच्या पुढे जाऊन उभा राहिला, पाठ मशीनला टेकवून. घड्याळात तीनला चार मिनिटं होती.

लेकीने अठरा हजार टाकले. बाईंनी कार्ड खुपसलं. पुन्हा त्या दोन ओळी. वरची ओळखीची, खालची परकी. वन्सं डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. बाईंनी खालचं बटण दाबलं, सावकाश, अंगठ्याने, कटिंग मशीनचा दांडा दाबावा तसं.

चक्र फिरलं. फिरत राहिलं. वन्संनी एक डोळा उघडला.

हिरवा दिवा लागला आणि यंत्रातून पट्टी सळसळत बाहेर आली.

तळघरात जो आरडाओरडा झाला तो भंगारवाल्यालाही कळला, भाषा न येता. वन्संनी म्हाताऱ्याच्या लेकीला मिठी मारली, मग म्हाताऱ्याला मारली, मग चुकून दोर आणलेल्या माणसालाही मारली. भंगारवाल्याने खांदे उडवले, मशीनला एकदा हात लावून बघितलं आणि निघून गेला. बाईंच्या फोनवर घरच्या बँकेचा निरोप आला. चार लाख एकवीस हजार दोनशे. तंतोतंत. बाईंनी तो वन्संना दाखवला, म्हाताऱ्याला दाखवला, आणि पुठ्ठ्यावरच्या गणिताशेजारी धरून स्वतः पुन्हा बघितला. इतका आनंद त्यांना कितीतरी वर्षांत झाला नव्हता. आपण बरोबर होतो! नुसतं नशीब नव्हे, बरोबर.

"गेले का पैसे? गेले?" फोनमधून दीर विचारत होते. "मग ते बिल नीट करून घ्या. दुकानाच्या नावावर."

म्हाताऱ्याच्या लेकीने पावतीपुस्तक उघडलं होतं. पेन टेकवून तिने वर पाहिलं. नाव?

वन्सं तोंड उघडणार तोच बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. दुकानाचे पैसे इथे नव्हतेच. ते नीट दाबून, कड सरळ करून, पर्समध्ये बसले होते. मशीनला जे पैसे लागले ते रात्रंदिवस वह्या बांधून साठवलेले.

त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. लेकीला समजेना म्हणून एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. लेक लिहीत होती आणि बाई वाकून बघत होत्या, एकही अक्षर चुकू नये म्हणून.

"वहिनी?" फोन म्हणाला. "कुणाचं नाव सांगितलंत?"

"माझं."

पलीकडे दीरांनी ते नाव एकदा मोठ्याने म्हणून बघितलं.

"आणि त्या कापलेल्या नोटा?"

"त्या दुकानाच्या. आणून तुमच्या हातात देते. पाठवा तपासायला. सहा आठवड्यांनी पूर्ण मिळतील."

"ते ठीक आहे हो. पण मशीन ठेवणार कुठे? गाळा तर माझा आहे."

"तेच विचारणार होते, भावोजी," बाई म्हणाल्या. "मोबाईलवाल्याला महिन्याचा भाव काय सांगितला होतात?"

वन्संनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"घरच्या माणसाकडून भाडं घ्यायचं, वहिनी?" दीरांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

"घ्यायचं. वेळच्या वेळी घ्यायचं. तीन वर्षांचा लेखी करार करू, ग्रंथालयाचं काम तेवढंच आहे. त्याला सांगितलात त्यात दोनशे कमी, मी अकरा वर्षं गाळा झाडलाय म्हणून. कबूल?"

पलीकडे दीरांनी पुटपुटत हिशेब केला. मग, "कबूल."

"आणि भावोजी, स्टूल तुमचंच. संध्याकाळी येत जा."

त्यांनी फोन ठेवला, पावतीची नीट चौपदरी घडी घालून ब्लाउजात खोचली आणि मशीनजवळ गेल्या. म्हाताऱ्याने बाजूला सरून त्यांना जागा दिली. मालवाहतुकीचा टेम्पो यायला अजून तासभर होता. बाईंनी पदर कमरेला खोचला, एक फर्मा उचलून पट्टीवर टाकला आणि पायट्यावर पाय ठेवला.

"चला," त्या म्हणाल्या, "मला शिकवा."